केसाचा काटा

राजशेखर जहाजावरून उतरला तेव्हा पंचवीस सिगार घेऊन आला,
"मामा, ह्या काझी सरांना द्या."
सरांचा घसा हैदराबादला जाऊन आलाय
हे त्याला कुणी कळवलंच नव्हतं.

सर हसले. आवाज नाही, खांदे तेवढे हलले.
पाटीवर लिहिलं: ठेव तुझ्याकडं, शिवलिंग.
माझ्या घरी सून आहे.

ठेव म्हणणं सोपं.
उदगीरचा एप्रिल,
रात्री दाराची फळी एकटीच कडकन बोलते.
तिसऱ्या दिवशी एका सिगारची कड
जुन्या हजेरीपटासारखी बोटात चुरली.

एकतीस वर्षं सर म्हणायचे "आर्द्रता",
आणि मी ओला बोळा पुढं करायचो.
तेच हात कामाला लागले.
सूक्ष्मदर्शकाची पेटी, निर्लेखित,
रजिस्टरात लाल रेघ मारून साडेतीन रुपयांना घेतलेली,
चार दिवस उघडी टाकली तेव्हा औषधाचा वास गेला.
झाकणाच्या फटीला सायकलच्या ट्यूबची पट्टी.
आत साबणाची डबी, तिच्यात खडेमीठ,
पाणी इतकंच, की ओल्या वाळूसारखं बसावं.
विरघळलं की चुकलं.
जास्तीची ओल मीठ पितं, कमी पडली की सोडतं,
पंचाहत्तरवर अडून बसतं
दांडी धरलेल्या वाण्यासारखं.

पाणी बॅटरीत घालायचं, बाटलीतलं.
महानंदा म्हणाली, "नळ अकराव्या दिवशी येतो
आन् ह्या विड्यांला इकतचं पाणी?
कामून? माहेरवाशिणी हायत का?"

मोजायला काटा पाहिजे होता.
तिच्या फणीतला एक केस घेतला,
मुळाशी पांढरा, टोकाला अजून काळा.
साबणाच्या पाण्यात तेल उतरवलं,
बंद गजराच्या घड्याळाचा सेकंदकाटा त्याला अडकवला.
ओल लागली की केस लांबतो, वाळला की आखडतो,
हे सर दरवर्षी आठवीला दाखवायचे.
तेव्हाही केस महानंदाचाच असायचा.
मी तिला कधी सांगितलं नव्हतं.

ओल्या टॉवेलात गुंडाळून एक खूण: शंभर.
मिठाशेजारी रात्रभर ठेवून दुसरी: पंचाहत्तर.
बाकीचं अंदाजानं.

गुरुवारी सर येतात. मी झाकण उघडतो.
वास त्यांना येत नाही,
श्वास आता नाकातून जातच नाही.
ते एक सिगार उचलतात, कानाशी धरतात,
दोन बोटांत हळूच दाबतात.
वाजली तर कोरडी.
नाही वाजली, तर मान डोलावतात
आणि पाटीवर मला गुण देतात, दहापैकी सात.
आठ कधी दिले नाहीत.

गळ्याला त्यांच्या जाळीच्या कापडाचा चौकोन,
खाली भोक. तो चौकोन ते सारखा ओला करतात,
आमच्याच पेल्यात बोटं बुडवून.
मी पेटीकडं बघत होतो.
बघितलं महानंदानं.

"ह्यांच्या खोलीत किती भरतंय?"

काटा पिशवीत घालून मी काझी गल्लीत गेलो.
पत्र्याखालची खोली, सरांची खाट, पंखा.
अर्ध्या तासानं केस इतका आखडला
की काटा माझ्या सगळ्या खुणा सोडून
खाली, उघड्या लाकडावर येऊन थांबला.
तिथं मी आकडाच लिहिला नव्हता.

आता खिडकीला गोणपाट आहे,
खाली पसरट घमेलं, गोणपाटाचं टोक त्यात बुडालेलं.
मीठ नाही. एवढी खोली मिठाच्या ऐकण्यातली नाही.
अकराव्या दिवशीची एक कळशी आमच्याकडून जाते,
सून म्हणते नको, आणि घेते.

सिगार चोवीस आहेत.
पंचविसावी चुरलेली, तीही ठेवलीय.

काल सकाळी फणी विंचरून झाल्यावर
महानंदानं एक केस माझ्या चष्म्याच्या घरात ठेवला,
सरळ, लांब, तेल न लावलेला.
म्हणाली, "तिकडं पण एक काटा लावा.
रोज पिशवीत घालून कुठवर न्यायाचा?"